नाव देवाचं, भीती सुईची

"बाई, जरा इकडं या. लांबून बोलण्यातली गोष्ट नाय."

पलीकडच्या वहिनी गडग्याला टेकल्या की आवाज खाली आणतात. खाली आणूनही तो शिवाजी चौकापर्यंत पोचतो, त्याला त्यांचा इलाज नाही. माहेर पोलादपूरच्या वर, डोंगरात. एका वाडीतून दुसऱ्या वाडीला हाक मारायची लहानपणापासूनची सवय.

"आमची पोरगी सुई घ्यायची म्हणते."

"घेऊ दे की. तापबीप आहे का?"

"ताप कसला! चांगली ठणठणीत हाय. कॉलेजात कोण डॉक्टरीणबाई येऊन गेली. तिनं पोरींना सांगितलं, ही लस घ्या म्हणून. ती हो... पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची." एवढं बोलताना त्यांनी आधी रस्त्याकडं बघितलं, मग माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडं.

"बरं. मग?"

"मग काय, मी सरळ सांगून टाकलं. आमच्यात चालत नाय."

"आमच्यात म्हणजे?"

"म्हंजे आमच्या धर्मात."

मी पडले निवृत्त मास्तरीण. कोणी धर्माचं नाव घेतलं की पान नंबर विचारायची खोड. "कुठं लिहिलंय हो? दर श्रावणात तुमच्याकडं पोथी लागते, मी प्रसादाला असतेच. लशीचा अध्याय काही माझ्या कानावर आला नाही."

"तुम्ही मस्करीच करता. सासूबाई म्हणतात, देवीला कौल लावू."

"जरूर लावा. पण पोरगी जन्मली तेव्हा लावला होता का? जन्मल्या जन्मल्या डाव्या दंडावर बी.सी.जी. मग पोलिओचे डोस, त्रिगुणी, गोवर. नर्सबाई आली की पोरीला कडेवर घेऊन रांगेत पहिल्या तुम्ही. ती आकांत करायची आणि तुम्ही तिचा दंड घट्ट धरून उभ्या. तेव्हा धर्म कुठं गेला होता?"

"तेव्हा ती लहान होती."

"आणि धर्म?"

वहिनींना हसू आलं, पण त्यांनी ते पदरात दाबलं. हार मानली तर पुढची गोष्ट सांगता येत नाही.

कॉलेजच्या पोरांचं नेमकं इथंच अडतं. अठरा वर्षं दंड आईच्या हातात. अठरा पूर्ण झाली की आयुष्यात पहिल्यांदा कोणी तरी विचारतं, घेणार का? विचारलं म्हटल्यावर मत पाहिजे. स्वतःचं मत तयार नसलं की घरातलं उसनं घ्यायचं, आणि घरात सगळ्यात हाताशी सापडतो तो धर्म.

"तुमच्या थोरल्याचंच घ्या," मी म्हटलं. "लोणेऱ्याला इंजिनिअरिंगला होता तेव्हाचं."

"त्याचं नका काढू."

काढायचं नाही म्हटल्यावर गडग्यावर काढलंच पाहिजे. १ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरच्यांना कोरोनाची लस खुली झाली. हा म्हणाला, "माझा त्यावर विश्वास नाही." जुलैत आमचं महाड पुरात बुडालं, सगळ्यांचे पहिले मजले चिखलात, तेव्हा लशीचं कोणाच्या डोक्यात नव्हतं. ऑक्टोबरात सरकारनं मोहीम काढली, ८ ते १४ तारखेपर्यंत, आणि नाव दिलं 'मिशन कवचकुंडल'. कर्णाचंच नाव दिलं म्हटल्यावर आता धर्माची आडकाठी कोण घालणार? पण ते दिवस नेमके नवरात्राचे. ज्या पोरानं जन्मात एकादशी पाळली नव्हती, त्यानं सगळेच्या सगळे उपास धरले. उपाशीपोटी सुई नको म्हणून!

"भक्ती होती हो त्याची."

"दसऱ्याला उपास सुटला. मग घेतली का?"

"नाय."

"कधी घेतली?"

वहिनी गप्प. कधी घेतली ते गल्लीला माहीत आहे. २० ऑक्टोबरला कॉलेजं उघडली आणि अट आली की अठरावरच्यांचे दोन्ही डोस झालेले हवेत. लगोलग २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर 'मिशन युवा स्वास्थ्य' निघालं, कॉलेजातच लस. मित्र वर्गात जाऊन बसले म्हटल्यावर ह्यानं मुकाट्यानं बाही वर केली. तरी दुसऱ्या डोसाला चौऱ्याऐंशी दिवस थांबणं आलंच. तोवर स्वारी माळ्यावर नेटवर्क शोधत ऑनलाइन तास ऐकत बसली होती. श्रद्धेचा प्रश्न गेटवरच्या वॉचमननं सोडवला.

तेवढ्यात मागच्या अंगणातून शेजारच्या चाची आल्या, हातात सुकटीचं सूप. चाचींना आमचं बोलणं ऐकू येतं असं त्या कधी म्हणत नाहीत. त्या नेमक्या त्याच वेळी निवडायला बसतात.

"अगो, पोराला कशाला बोलतेस एकट्याला? आमच्याकडं काय कमी तमाशा झाला? डुकराची चरबी आहे, डुकराची चरबी आहे, मोबाईल नुसता वाजत होता. नातू कॉलेजातून आलेला, मला सांगतो, दादी, हराम आहे. मी म्हटलं, तू मुफ्ती कधी झालास? जा, मौलवीसाहेबांना विचार."

"मग विचारलं?"

"विचारायची हिंमत कुठली! ते हो म्हणाले तर घ्यावी लागेल ना."

मला मात्र ह्या बाबतीत नातवाची बाजू थोडी घ्यावीशी वाटते. प्रश्न अगदीच खुळा नव्हता. काही लशी टिकाव्यात म्हणून त्यांत जिलेटिन घालतात आणि ते डुकरापासूनचं असू शकतं. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनीही २०२०च्या डिसेंबरात हे विचारलं होतं. पण प्रश्न विचारला की उत्तर ऐकायला थांबावं लागतं. कोविशिल्डमध्ये जिलेटिन नाही, कोव्हॅक्सिनमध्येही नाही. आणि असतं तरी जीव वाचवायला दुसरा इलाज नसेल तर चालतं, असा फतवा त्याच महिन्यात अमिरातीच्या फतवा कौन्सिलनं दिलेला. ख्रिस्ती मंडळींत वेगळीच शंका होती. काही लशींसाठी वापरलेल्या पेशींचा मूळ वंश कित्येक दशकांपूर्वीच्या गर्भातून आलेला. त्यावरही २१ डिसेंबर २०२० रोजी व्हॅटिकननं सांगून टाकलं, दुसरी लस मिळत नसेल तर ही घेण्यात पाप नाही.

"आणि रोजे चालू होते ना तेव्हा," चाची म्हणाल्या, "मे महिन्यात. पोरं म्हणायला लागली, सुईनं रोजा तुटतो. लखनौच्या फिरंगी महलच्या मौलानांनी सांगितलं, नाही तुटत. दंडातली सुई पोटात जाते काय? अगो, माझी नणंद हजला गेली. मेनिंजायटिसची सुई घेतल्याबिगर सौदी आत घेतच नाही. सगळे हाजी घेतात. हजला जाताना हलाल आणि कॉलेजला जाताना हराम, असं कुठं असतं?"

वहिनींचा चेहरा खुलला. भानगड दुसऱ्यांच्या घरात निघाली की माणसाला जरा बरं वाटतं. "आमच्यात बाकी तसलं काय नव्हतं हां."

"नव्हतं कसं? जून २०२१. वासराचं रक्त. मेसेज मला कोणी पाठवला होता?"

वहिनी सूपातली सुकट बघायला लागल्या.

मेसेज असा होता की कोव्हॅक्सिनमध्ये वासराचं रक्त आहे. खरी गोष्ट एवढीच, की ज्या पेशींवर तो विषाणू वाढवतात, त्या पेशींना आधी वाढीसाठी वासराच्या रक्तातलं सीरम देतात. मग पेशी धुतात, विषाणू वाढवतात, मारतात, शुद्ध करतात. शेवटी कुपीत जे येतं त्यात सीरम नसतं. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं १६ जूनला तसं जाहीर केलं. पण मेसेज सकाळी आलेला आणि खुलासा संध्याकाळी. संध्याकाळी मालिका असतात.

"पण बाई, गांधीजीसुद्धा लशीच्या विरोधात होते." हा आवाज लेकीचा. ही कधी मागच्या दारातून येऊन जांभ्याच्या पायरीवर बसली ते कळलंच नाही. एस. वाय. बी.एस्सी.ला आहे. "देवीची लस तेव्हा वासराच्या अंगावर वाढवायचे. ते धर्माविरुद्ध आहे असं त्यांनी लिहिलंय."

"बघा!" वहिनी उसळल्या. "गांधीजी म्हणाले!"

"गांधीजी चहासुद्धा नको म्हणायचे," मी म्हटलं. "सकाळपासून कितवा कप तुमचा?"

चाचींच्या हातून सूप निसटता निसटता राहिलं.

"आणि भावजींना कुत्रं चावलं, त्याचं काय?" आता मलाही जोर आला. "एस.टी. स्टँडवर चावलं. रिक्षा करून थेट दवाखाना. पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या, पाचच्या पाच सुया वेळेवर. एकदा तरी विचारलं का त्यांनी, सिस्टर, ही आपल्यात चालते का?"

"कुत्रं चावल्यावर कोण विचारतं!"

"तेच तर. पूर्वी त्याच्या चौदा सुया बेंबीभोवती घ्यायला लागायच्या, आणि ती लस मेंढीच्या मेंदूपासून करायचे. २००४-०५च्या सुमारास बंद झाली."

वहिनी एकदम थांबल्या. "चौदा? पोटात? बाबांनी घेतलेल्या! तरणे असताना, चांदण्यात कुत्रं चावलं होतं तेव्हा." त्यांचे वडील माळकरी. आषाढीची वारी चुकलेली नाही, घरात कांदा-लसूण नाही. "मेंढीच्या मेंदूची?"

"हो."

"कोणी बोलू नका हां त्यांच्याकडं. ह्या वयात प्रायश्चित्त घेत बसतील."

"कसलं प्रायश्चित्त? माणूस जगला म्हणून वारी घडली," चाची म्हणाल्या, आणि त्यावर वहिनींनी मान डोलावली. असं काही बोलायचं तर ते चाचींनीच बोलावं; मी बोलले असते तर मास्तरकी झाली असती.

वहिनींच्या सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. दंडावर रुपयाएवढे दोन वण, देवी काढल्याचे. त्यांच्या लहानपणी गावात देवी आल्या की घरात फोडणी बंद, दाराला लिंबाचा पाला, रोग्याला हाक मारायची तीही 'आई' म्हणून. रोग हा देवीचा कोप, मग लस म्हणजे देवीशी भांडण. टोचणारा माणूस गावात शिरला की पोरं गवताच्या गंजीत लपवायची. पुढं घरचा एक मुलगा गेला, तेव्हा सासूबाईंच्या वडिलांनी उरलेल्या सगळ्यांना रांगेत उभं केलं. टोचून घेतलं आणि संध्याकाळी देवीपुढं नारळही फोडला. दोघांचा मान राखला. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५च्या मे महिन्यात सापडला, १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. देऊळ मात्र जागेवर आहे, चैत्रात नवस फेडायला तशीच गर्दी. रोग गेल्यानं देवीचं काही अडलं नाही.

"मुंबईत पहिली लस कोणाला टोचली माहिती आहे?" लेक म्हणाली. "ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला, १४ जून १८०२. देशातली पहिली. तेव्हा एकाच्या दंडावरच्या फोडातली लस काढून दुसऱ्याच्या दंडात घालायचे."

"शी!"

"लोकांना शी त्याचं नाही वाटायचं, आई. दंड कुठल्या जातीच्या पोराचा, ह्याचं वाटायचं."

यावर क्षणभर कोणी बोललं नाही. महाडात हे समजावून सांगावं लागत नाही. चवदार तळं इथून चालत जायच्या अंतरावर आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तिथं पाणी प्यायले, आणि सभा संपल्यावर गावात कोणी तरी उठवून दिलं की ही माणसं आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. तसा बेतही नव्हता. पण धर्म बुडाला म्हटल्यावर खरंखोटं करायला कोण थांबतं? जेवत बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. मग तळं शुद्ध करायला दूध, दही, शेण, गोमूत्राच्या घागरी. तेव्हा मोबाईल नव्हता. गावाला त्यावाचून काही अडलं नाही.

"आणि विंचवाचं विसरलात का?" चाचींनी विषय हलका केला. "आधी विंचू चावला की मांत्रिक. मंत्र संपेस्तोवर माणूस संपायचा."

तेही आमच्याच भागातलं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आले, तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं छातीत पाणी भरून डोळ्यांदेखत जायची. डॉक्टर उशाशी बसून नोंदी करत राहिले आणि रक्तदाबाची प्राझोसिन नावाची गोळी त्यावर लागू पडते हे त्यांनी दाखवून दिलं. गंभीर रुग्णांत दहातले तीन-चार दगावायचे, ते शंभरात एकावर आलं. 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात महाडचं नाव गेलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

"आमच्या माहेरचा मांत्रिक अजून हाय," वहिनी म्हणाल्या. "आता तो मंत्र घालतो आणि हाताबरोबर जीपवाल्याला फोन लावतो."

"मग तुमच्या मांत्रिकाचंच ऐका की! आता खरं सांगा. धर्म सोडा. काय अडतंय?"

वहिनींनी लेकीला आत जायला सांगितलं. लेक गेली नाही. मग त्यांनी भिंतीकडं बघत सांगितलं, "अहो, त्या रोगाचं म्हणतात ते... संबंधातून होतो. लग्नाआधी पोरीला ती सुई दिली तर लोक काय म्हणतील? स्थळं येतायत. कोणी विचारलं, हिला ही लस कशाला घेतली, तर मी काय सांगू?"

आलं खरं कारण. थोरल्याला सुईची भीती, नातवाला मौलवींच्या होकाराची भीती, हिला स्थळाची. तिघांनी तीन भीती एकाच टोपीखाली झाकल्या, कारण भीतीला माणसं हसतात आणि धर्माला कोणी हसत नाही. धर्माचं नाव घेतलं की समोरचा पुढचा प्रश्नच विचारत नाही. कोरोनात पोरींमध्ये मेसेज फिरला होता, पाळीच्या आधी आणि नंतर पाच दिवस लस घ्यायची नाही म्हणून. सरकारनं तो खोटा असल्याचं एप्रिल २०२१ मध्येच सांगितलं. तरी पुष्कळ घरांत तो पटला, कारण पाळीत देवाला शिवायचं नाही, मग सुईलाही शिवायचं नाही, एवढं सोपं गणित!

"आई, लग्नाआधीच घ्यायची असते ती," लेक म्हणाली. "विषाणू अंगात यायच्या आधी. नवऱ्याकडूनच येतो बहुतेक बायकांना, त्यात बाईचा काय दोष? देशात वर्षाला पंचाहत्तर हजारांवर बायका त्या कॅन्सरनं जातात. आपल्या पुण्यातच बनते लस, सर्व्हाव्हॅक. नऊ ते चौदा वर्षांत दोन डोस, पंधरा ते सव्वीस वर्षांत तीन. आता एक, मग दोन महिन्यांनी, मग सहाव्या महिन्यात. आणि तिशीनंतर तपासणी करायचीच, ती काही चुकत नाही."

"आणि मेलेल्या पोरींचं काय? मी पण मोबाईल बघते." वहिनी काही कच्च्या गुरूच्या चेल्या नाहीत.

"२००९चं ना? खम्मम आणि वडोदऱ्याचं?" लेकीनं तेही वाचलेलं. "मुलींना लस देण्याचा प्रकल्प होता, पुढच्या वर्षी थांबवला. काही मुली वारल्या, पण लशीमुळं नाही, असं चौकशीत निघालं. चूक झाली ती संमतीत. वसतिगृहातल्या मुलींसाठी वॉर्डननीच सह्या केल्या. संसदेच्या समितीनं त्याबद्दल चांगलं झापलं. म्हणून तर मी विचारून घेतेय. माझ्या दंडावर माझी सही."

चाची माझ्याकडं बघत म्हणाल्या, "बाई, ही तुमच्याच शाळेतली ना?"

मी नम्रपणे मान खाली घातली. आवाज न करता फुशारकी मारायची हीच रीत आहे.

"वर्गातल्या बाकीच्या पोरी काय म्हणतात गं?" मी विचारलं.

"धर्माचं नाव कोणीच काढलं नाही, बाई. एक म्हणाली, वडिलांना कसं सांगू? एक म्हणाली, तीन डोसांचे पैसे कुठून आणू? आणि बऱ्याच जणी म्हणाल्या, तू आधी घे, तुला काय होतं ते बघू."

"चांगल्या मैत्रिणी हायत," वहिनी पुटपुटल्या. पण पैशांचा विषय निघाल्यावर त्या थोड्या हलल्या. पैशांची अडचण ही सांगण्यासारखी अडचण. तिच्यावर बोलता येतं, कोण किती घेतं ते विचारता येतं, एखादा हप्ता मागंपुढं करता येतो. धर्माच्या अडचणीत तसं काही करता येत नाही. "पण सासूबाईंचं काय? कौलाचं म्हणतायत त्या."

"लावा की कौल. फक्त प्रश्न नीट विचारा," मी म्हटलं. "सुई घ्यावी का, असं नाही विचारायचं. उजवा दिला तर सोमवारी घेऊ, डावा दिला तर मंगळवारी, असं विचारायचं."

चाची इतक्या हसल्या, की त्यांना पदरानं डोळे पुसावे लागले. "माझी नात तेराची आहे," त्या म्हणाल्या. "तिला दोनच लागतील म्हणजे. एकच रिक्षा करू. मी भाडं देते जातानाचं."

"येतानाचं आम्ही," वहिनी पटकन बोलल्या. व्यवहार आला की त्यांचं मन लगेच तयार होतं. मग त्यांनी बोटांवर महिने मोजले. सहाव्या महिन्यात परीक्षा येते, त्याच्या आधी मावसबहिणीचं लग्न; मेंदीच्या दिवशी दंड सुजलेला नको. दोन दिवस इकडं-तिकडं झाले तर चालतील का, हे डॉक्टरीणबाईंना विचारून घ्यायचं ठरलं. शेवटी, सासूबाईंना हे आपण सांगायचं नाही, कौलच सांगेल, असंही ठरलं.

एवढं ठरल्यावर वहिनी कुठल्या घरात थांबतात! अंगण ओलांडून त्या पलीकडच्या गडग्याला पोचल्यासुद्धा. तिकडच्या काकूंना हाक गेली. "अहो, कळलं काय? कॉलेजच्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या पोरीला खास निवडलीय, नवीन लशीसाठी!"

मी इकडून ओरडले, "खास नाही हो! सगळ्याच पोरींना सांगितलंय! तुमच्या दोघींनाही पाठवा, काकू!"